विश्लेषण : ‘बाय’ म्हणजे ‘पर्यंत’, ‘ने’, ‘कडून’ की ‘जवळ’? एका छोट्या इंग्रजी शब्दाचे मोठे घोळ

समजा, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सात वाजता इंग्रजीत सूचना येते : ‘वॉटर सप्लाय विल बी क्लोज्ड बाय फाइव्ह पीएम.’ टाकीची सफाई आहे, एवढे सगळ्यांना माहीत असते. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा त्यातून अर्थ काढतात, पाचपर्यंत पाणी बंद. ते लगेच दोन बादल्या भरून ठेवतात. समोरच्या फ्लॅटमधली, परदेशी ग्राहकांशी रोज इंग्रजीत बोलणारी तरुणी त्याच ओळीवरून समजते, पाणी पाचच्या आत कधीतरी जाणार. म्हणजे सकाळी तरी घाई नाही. ती निवांत वॉशिंग मशीन लावते आणि अर्ध्या धुण्यात नळ कोरडा पडतो.

सेक्रेटरींच्या मनात होता तो अर्थ आजोबांना कळला. पण लिहिलेल्या वाक्याचा अर्थ तरुणीने लावला तोच होता. पाच वाजेपर्यंत पाणी बंद राहणार असेल, तर इंग्रजीत तिथे ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’ हवे. ‘बाय’ लिहिले की पाच ही पाणी परत येण्याची नव्हे, तर पाणी गेलेले असण्याची वेळ होते. दोन अक्षरांनी वाक्य उलटे फिरते.

‘बाय’ हा इंग्रजीतला अगदी प्राथमिक शब्द. पहिल्या-दुसऱ्या इयत्तेत ‘बाय बस’ शिकवला जातो आणि पुढे त्याच्याकडे कोणी वळून बघत नाही. तरीही मुदत, व्याजदर, औषधाचा डोस आणि चुकीची जबाबदारी अशा चार नाजूक ठिकाणी तो उभा असतो.

‘पर्यंत’ एकच, इंग्रजी शब्द दोन

घोळाचे मूळ आपल्या ‘पर्यंत’मध्ये आहे. ‘बँक पाचपर्यंत बंद राहील’ आणि ‘बँक पाचपर्यंत बंद होईल’, ही दोन वाक्ये कोणाही मराठी माणसाला वेगळी कळतात. दोन्हीकडे ‘पर्यंत’ तोच आहे. फरक केला आहे तो क्रियापदाने : ‘राहील’ आणि ‘होईल’. मराठीत अशा वाक्यांचा भार क्रियापद उचलते. इंग्रजीत ‘विल बी क्लोज्ड’ हे शब्द दोन्ही ठिकाणी तसेच राहू शकतात, म्हणून तो भार ‘बाय’ आणि ‘टिल’वर येतो. मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिणारा ‘पर्यंत’साठी हाताला येईल तो शब्द उचलतो. कधी तो बरोबर निघतो, कधी पाणी जाते.

ओळखायचे कसे? एखादी गोष्ट त्या वेळेपर्यंत सलग चालू राहणार असेल तर ‘टिल’. त्या वेळेच्या आत एकदा होऊन जाणार, उरकणार असेल तर ‘बाय’. थांबणे, झोपणे, वाट पाहणे, दुकान उघडे असणे या चालू राहण्याच्या गोष्टी. पोहोचणे, पाठवणे, भरणे, संपवणे या उरकण्याच्या.

म्हणूनच ‘आय विल बी इन द ऑफिस बाय सिक्स’ याचा अर्थ सहाच्या आत ऑफिसात पोहोचतो, आणि ‘टिल सिक्स’चा अर्थ सहापर्यंत ऑफिसातच आहे. रात्रपाळीत काम करणाऱ्याने यांची अदलाबदल केली, तर समोरचा माणूस नेमका तो नसताना फोन करणार. भारतीय इंग्रजीत सर्रास दिसणारे दुसरे वाक्य म्हणजे ‘आय विल सबमिट द फॉर्म टिल मंडे’. लंडनमधल्या कारकुनाला ते वाचून वाटेल की हा गृहस्थ सोमवार उजाडेपर्यंत फॉर्म भरतच बसणार आहे.

यात मराठी माणसाने फार ओशाळायचे कारण नाही. हिंदीतला ‘तक’ही दोन्ही कामे करतो. इंग्रजीची सख्खी चुलत बहीण असलेल्या जर्मनमध्येही ‘बिस’ हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरतात, त्यामुळे इंग्रजी शिकणारे जर्मन विद्यार्थी अगदी हीच चूक करतात.

शुक्रवार धरून की सोडून?

‘सेंड द रिपोर्ट बाय फ्रायडे.’ यात शुक्रवार मोजायचा का? सर्वसाधारण वापरात, हो. शुक्रवारी दिला तरी चालतो. ‘बिफोर फ्रायडे’ म्हटले तर मात्र गुरुवारीच द्यायला हवा. पण शुक्रवार म्हणजे किती वाजेपर्यंतचा शुक्रवार? ऑफिस सुटेपर्यंतचा की रात्री बारापर्यंतचा? याचे उत्तर ‘बाय’ देत नाही. समोरचा साहेब न्यू यॉर्कमध्ये असेल तर आणखी गंमत. त्याच्याकडे शुक्रवारी संध्याकाळचे पाच वाजतात, तेव्हा पुण्यात शनिवारची पहाट असते : उन्हाळ्यात अडीच, हिवाळ्यात साडेतीन.

कायद्याची भाषा म्हणूनच एकट्या ‘बाय’वर फारशी विसंबत नाही. तिथे ‘ऑन ऑर बिफोर’ असे लांबलचक लिहिलेले असते, मराठीत ‘रोजी किंवा त्यापूर्वी’. वाचायला कंटाळवाणे, पण तो दिवस धरायचा का, या प्रश्नाला जागाच उरत नाही. भारतात १८९७ चा जनरल क्लॉजेस ॲक्ट अजूनही लागू आहे आणि त्याच्या नवव्या कलमाचा विषयच ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ हे दोन चिमुकले शब्द आहेत. दिवस मोजताना पहिला दिवस वगळायचा असेल तर ‘फ्रॉम’ पुरे आणि शेवटचा दिवस धरायचा असेल तर ‘टू’ पुरे, असे ते कलम सांगते. दहावे कलम त्याहून दिलासा देणारे. न्यायालयात किंवा कार्यालयात करायच्या कामाचा शेवटचा दिवस नेमका सुट्टीचा निघाला, तर कार्यालय पुढे ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी केलेले काम मुदतीत धरले जाते. शब्दांवरून भांडणे कोर्टात जातात, हे ठाऊक असलेल्या माणसांनी लिहिलेला हा कायदा आहे.

प्राप्तिकर विवरणपत्राचे उदाहरण ताजे आहे. २०२५-२६ या कर आकारणी वर्षासाठी लेखापरीक्षण लागू नसलेल्या करदात्यांची मुदत आधी ३१ जुलै होती. ती १५ सप्टेंबर २०२५ झाली आणि अगदी शेवटच्या घटकेला आणखी एका दिवसाने वाढून १६ सप्टेंबर झाली. १५ तारखेला रात्री अडकलेल्या पोर्टलसमोर बसलेल्यांना ‘पर्यंत’मध्ये शेवटचा दिवस येतो की नाही, हा व्याकरणाचा प्रश्न वाटला नसेल. मुदत हुकली की पाच लाखांपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्याला पाच हजार रुपये विलंब शुल्क होते.

कितीने आणि किती?

‘बाय’चे दुसरे धोक्याचे ठिकाण म्हणजे आकडे. इथे मराठी उलट फार स्वच्छ आहे. ‘दर दोन टक्क्यांनी घटला’ आणि ‘दर दोन टक्क्यांवर आला’ यांची गल्लत शाळकरी मूलही करणार नाही. ‘ने’ म्हणजे फरक किती, ‘वर’ म्हणजे शेवटी उरले किती. इंग्रजीत हेच काम ‘बाय’ आणि ‘टू’ करतात. ‘रिड्यूस्ड बाय’ म्हणजे इतक्याने कमी, ‘रिड्यूस्ड टू’ म्हणजे इतक्यावर. मोबाइलवर घाईत वाचताना डोळा आकड्यावर जातो आणि त्याआधीचा छोटा शब्द निसटतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० टक्क्यांवरून ६.२५ टक्के केला. म्हणजे कपात झाली २५ बेसिस पॉइंटने, पाव टक्का बिंदूने. तोच दर ‘२५ टक्क्यांनी’ कमी झाला असे कोणी लिहिले, तर तो ४.८८ टक्क्यांच्या आसपास यायला हवा. गृहकर्ज असलेल्यांनी पेढेच वाटले असते. त्याच वर्षी जूनमध्ये दर ६ टक्क्यांवरून ५.५० टक्के झाला. कपात कितीने? अर्ध्या टक्का बिंदूने. दर किती? साडेपाच. बातमीत हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी असतात आणि त्यांना वेगळे ठेवण्याचे काम फक्त ‘बाय’ आणि ‘टू’ करत असतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून एअर कंडिशनरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, तेव्हा ‘एसी दहा टक्क्यांनी स्वस्त’ असा समज पसरायला वेळ लागला नाही. हिशेब करून बघू. करापूर्वी ४० हजार रुपये किंमत असलेल्या एसीवर आधी ११,२०० रुपये कर होता, आता ७,२०० झाला. कराचा दर कमी झाला १० टक्का बिंदूंनी. कराची रक्कम कमी झाली जवळपास ३६ टक्क्यांनी. आणि गिऱ्हाइकाच्या खिशातून जाणारी रक्कम ५१,२०० वरून ४७,२०० झाली, म्हणजे ७.८ टक्क्यांनी कमी. तिन्ही वाक्यांत ‘बाय’ येते, तिन्ही खरी आहेत आणि जाहिरात करणारा त्यातले कुठले निवडेल हे सांगायला नको.

दवाखान्यात हाच फरक पैशांपुरता राहत नाही. दिवसाला ४० मिलिग्रॅम स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णाला ‘रिड्यूस बाय टेन’ सांगितले, तर पुढचा डोस ३० मिलिग्रॅम. ‘रिड्यूस टू टेन’ ऐकू आले, तर १०. अशी औषधे बराच काळ घेतल्यावर शरीराची स्वतःची निर्मिती मंदावलेली असते, म्हणूनच ती पायरीपायरीने उतरवतात. एकदम उतरवणे जिवावर बेतू शकते. फोनवरून, गडबडीत, इंग्रजीत सांगितलेल्या सूचनेत ‘बाय’ आणि ‘टू’ सहज एकमेकांत मिसळतात. ‘कितीने’ यापेक्षा ‘उद्यापासून एकूण किती गोळ्या, कधी’ असे विचारून घेतले की हा प्रश्नच मिटतो. विचारायला संकोच वाटतो, पण विचारावेच.

आधी होता फक्त ‘जवळ’

एवढ्या अर्थांचा हा शब्द सुरुवातीला साधा होता. जुन्या इंग्रजीत तो ‘बी’ असा होता आणि त्याचा मुख्य अर्थ जवळ, बाजूला. जर्मनमधला ‘बाय’ आजही मुख्यतः त्याच अर्थाने वापरतात. ‘अ हाउस बाय द रिव्हर’, नदीकाठचे घर, हा त्याचा मूळ संसार. जवळून गेला तो ‘वेंट बाय’. ज्या वाटेच्या कडेने गेला, ती वाट मग जाण्याचे साधन झाली. साधनाला धरून करणारा माणूस आला. वेळेच्या जवळ म्हणता म्हणता वेळेच्या आत, असाही अर्थ फुटला.

करणाऱ्यासाठी ‘बाय’ हा त्यातला उशिरा आलेला. त्याआधी कर्मणी वाक्यात करणाऱ्यासाठी इंग्रजीत ‘ऑफ’ बराच चाले. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये आज जिथे ‘बाय’ येईल तिथे अनेकदा ‘ऑफ’ आढळतो. पुढे दोघांनी कामे वाटून घेतली. अब्राहम लिंकन यांनी १९ नोव्हेंबर १८६३ रोजी गेटिसबर्ग येथे लोकशाहीचे जे वर्णन केले, त्यातली गंमत ‘ऑफ’, ‘बाय’ आणि ‘फॉर’ या तीनच शब्दांवर उभी आहे. मराठीत ‘लोकांचे’ आणि ‘लोकांसाठी’ सहज होते, मधला ‘बाय’ मात्र अडतो. नुसते ‘लोकांनी’ म्हटले की वाक्य अर्धे वाटते, ‘चालवलेले’ जोडावेच लागते.

‘जवळ’ हा जुना अर्थ अजून जिवंत असल्यामुळे ‘द’ लावला की नाही, यावर बरेच काही ठरते. गेटवेहून बोटीने मांडव्याला उतरून अलिबाग गाठले, तर तो प्रवास ‘बाय सी’. अलिबागला पोहोचल्यावर किनाऱ्यावर घेतलेली खोली ‘बाय द सी’. ‘आय केम बाय बस’ म्हणजे बसने आलो, पण ‘आय वॉज स्टँडिंग बाय द बस’ म्हणजे बसशेजारी उभा होतो. ‘बाय कार’ ठीक, पण ‘बाय माय कार’ नाही. गाडी कोणाची ते सांगायचे झाले की ‘इन माय कार’. पायी येणाऱ्याला शिष्ट इंग्रजीत ‘ऑन फूट’च म्हणतात. ‘गाडीने, माझ्या गाडीने, पायी’ असे सरळ चालणाऱ्या मराठी माणसाला हे नियम चक्रम वाटतात. तसे ते आहेतही.

‘ने’चा सापळा

‘पर्यंत’सारखाच दुसरा सापळा तृतीया विभक्तीतल्या ‘ने’चा. ‘आईने सुरीने भाजी चिरली’ या चार शब्दांच्या वाक्यात ‘ने’ दोनदा आला आणि कोणाचाही गोंधळ झाला नाही. इंग्रजीत कर्मणी वाक्य केले, तर आई ‘बाय’ आणि सुरी ‘विथ’. करणाऱ्याला एक, हत्याराला दुसरा. ‘कट बाय नाइफ’ असे लिहिणारे विद्यार्थी ‘ने’चा शब्दशः तर्जुमा करत असतात. ‘ही वॉज किल्ड विथ अ स्टोन’ म्हणजे कोणीतरी दगड घालून मारले. ‘ही वॉज किल्ड बाय अ स्टोन’ म्हणजे दगड अंगावर पडून गेला, कदाचित दरडीतून सुटून. एका वाक्यात खुनाचा तपास आहे, दुसऱ्यात अपघाताची नोंद.

‘बाय’ गाळला जातो तेव्हा तर तो सर्वांत जास्त बोलतो. ‘निर्णय घेण्यात आला आहे’, ‘रक्कम वळती करण्यात आली’, ‘फाइल गहाळ झाली आहे’. सरकारी मराठीची ही चाल ओळखीची आहे. इंग्रजी पत्रातही ‘इट हॅज बीन डिसायडेड’ येते, त्यापुढे ‘बाय’ येत नाही आणि करणारा गायब होतो. १९८७ साली अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी इराण-कॉन्ट्रा प्रकरणाबद्दल त्यांच्या संसदेसमोर चुका झाल्याचे मान्य केले, तेही याच रचनेत, कोणाकडून झाल्या हे न सांगता. अर्ज फेटाळल्याचे असे पत्र हाती आले, तर पहिला प्रश्न ‘बाय हूम’ हाच असायला हवा. कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या तारखेला? अपील कोणाकडे करायचे, हे त्यावर ठरते.

आपल्या रस्त्यावरचा ‘बाय’

इंग्रजी न येणाराही रोज चार वेळा ‘बाय’ म्हणतो. दहा बाय दहाची खोली, टू बाय टूची बस, हॉटेलात वन बाय टू सूप. यातली मौज अशी की खोलीच्या ‘बाय’मध्ये गुणाकार आहे, दहा बाय दहा म्हणजे शंभर चौरस फूट. सुपाच्या ‘बाय’मध्ये भागाकार आहे, एक वाडगा दोघांत. आणि बसच्या ‘बाय’मध्ये दोन्ही नाही, मधल्या वाटेच्या अलीकडे दोन आणि पलीकडे दोन सीट एवढेच. इंग्रजीत ‘मल्टिप्लाय बाय’ आणि ‘डिव्हाइड बाय’ दोन्ही आहेत, त्यामुळे ‘बाय’ दोघांकडे जेवतो. मराठीतही पाचने गुणले, पाचने भागले, तिथे ‘ने’ बिनतक्रार बसतो.

रक्तदाब सांगताना आपल्याकडे ‘एकशे वीस बाय ऐंशी’ म्हणतात. इंग्लंड-अमेरिकेत तिथे ‘ओव्हर’ म्हणतात. आकड्यांमधली तिरकी रेघ पाहून आपण शाळेतल्या अपूर्णांकासारखा ‘बाय’ वाचतो. प्रत्यक्षात काही भागायचे नसते. हृदय आकुंचन पावताना असलेला दाब पहिला, सैल पडताना असलेला दुसरा. डोळे तपासताना ‘सिक्स बाय सिक्स’ येते, तिथे मात्र रेघेला अर्थ आहे. सिक्स बाय ट्वेल्व्ह म्हणजे सामान्य डोळा जे अक्षर १२ मीटरवरून वाचतो ते या डोळ्याला ६ मीटरवर यावे लागते. जमिनीच्या कागदावर सर्व्हे नंबर ४५/२ असेल तर तोही ‘पंचेचाळीस बाय दोन’ असा वाचतात, म्हणजे ४५ चा दुसरा हिस्सा. मात्र त्याच तलाठ्याकडच्या ७/१२ ला ‘सात बाय बारा’ कोणी म्हणत नाही. तो सातबाराच. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एका कागदावर आले, एवढाच त्या रेघेचा अर्थ.

बाजारातही हा शब्द आहे, फक्त मराठी वेशात. केळी डझनावर, रद्दी किलोवर, मजूर रोजावर. इंग्रजीत हे सगळे ‘बाय द डझन’, ‘बाय द किलो’, ‘बाय द डे’. ‘डे बाय डे’ला मराठी ‘दिवसेंदिवस’ म्हणते, ‘वन बाय वन’ला ‘एकेक करून’. तिथे आपण शब्दच दोनदा उच्चारून मोकळे होतो.

प्रत्येक ‘बाय’ हा तो ‘बाय’ नव्हे

गृहनिर्माण संस्थांचे ‘बायलॉज’ मराठीत ‘उपविधी’ झाले. ‘बाय’ म्हणजे दुय्यम, बाजूचा, असे धरून केलेला हा अनुवाद आहे. पोटनिवडणूक, म्हणजे ‘बायइलेक्शन’, त्यात तो अर्थ बरोबर आहे. मराठीने त्याला ‘पोट’ हा फार चपखल शब्द दिला आहे, पोटकलम आणि पोटभाडेकरूच्या चालीवर. ‘बायपास’ रस्ता गावाच्या कडेने जातो आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेतली नवी वाट अडलेल्या धमनीच्या कडेने.

पण ‘बायलॉ’मधला ‘बाय’ बहुधा वेगळ्याच घरचा. तो व्हायकिंगांच्या भाषेतला, गाव किंवा वस्ती या अर्थाचा. इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात डेन लोक वसले, तिथल्या डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी या नावांच्या शेवटी आजही तो बसलेला आहे. म्हणजे ‘बायलॉ’ हा उपकायदा नसून गावचा कायदा, वस्तीने स्वतःपुरता केलेला नियम. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतली खडाजंगी पाहता हाच अर्थ जास्त पटतो.

निरोपाचा ‘बाय’ही या घरातला नाही. ‘गुडबाय’ हे ‘गॉड बी विथ यू’ अशा अर्थाच्या जुन्या वाक्याचे आखडलेले रूप आहे. क्रिकेटमधली ‘बाय’ची धाव मात्र याच कुळातली : चेंडू ना बॅटला लागला ना यष्टिरक्षकाच्या हाती आला, बगल देऊन गेला, आणि धावफलकावर फलंदाजाच्या नावावर न जाता बाजूला, अवांतरमध्ये मांडला गेला. स्पर्धेत प्रतिस्पर्धी न मिळाल्यामुळे पुढच्या फेरीत गेलेल्याला ‘बाय’ मिळतो, तोही तसाच.

वाक्प्रचारांची तर मोजदाद नाही आणि त्यांचे भाषांतर करताना ‘बाय’ विसरलेलाच बरा. ‘बाय हार्ट’ म्हणजे तोंडपाठ, ‘बाय मिस्टेक’ म्हणजे चुकून, ‘बाय द वे’ म्हणजे जाता जाता किंवा नुसते ‘बरं का’. ‘बाय अँड लार्ज’ शिडाच्या जहाजांवरून आला. वाऱ्याच्या शक्य तितके सामोरे जाणे म्हणजे ‘बाय’, वारा पाठीशी घेऊन जाणे म्हणजे ‘लार्ज’. दोन्ही तऱ्हांनी नीट चालणारे जहाज, म्हणजे एकंदरीत बरे.

‘स्टँड बाय’ मात्र जपून वापरायचा. ‘शी स्टुड बाय हिम’ म्हणजे ती त्याच्या पाठीशी उभी राहिली. ‘शी स्टुड बाय अँड वॉच्ड’ म्हणजे ती नुसती बघत उभी राहिली. दोन्हीकडे माणूस जवळच उभा आहे, मूळ अर्थाप्रमाणे. टीव्हीच्या कोपऱ्यातला लाल दिवा ‘स्टँडबाय’ दाखवतो तेव्हा टीव्हीही तसाच जवळ उभा असतो, काही न करता. वीज मात्र थोडी थोडी खातच असतो.